आपोआप बसणारा मेळ

जमाखर्च लिहिणें ही केवळ व्यवहाराची बाब आहे, अशी सामान्य समजूत असते. आमच्या मतें तो नीतीचाहि प्रश्न आहे.

सन १९८० च्या सुमारास आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे वडील रोजकीर्द घेऊन बसत. एके रात्रीं दीड रुपयाचा मेळ बसेना. बेरजा पुनःपुन्हां झाल्या, आईनें वाण्याची व दुधाची उजळणी केली; आणि अखेर तो दीड रुपया पतंगासाठीं आम्हींच न विचारतां घेतला होता, हें आम्हांस कबूल करावें लागलें. वडिलांनीं तो निमूटपणें आमच्या नांवें खर्चीं लिहिला व वही मिटली. ती ओळ आम्ही अद्यापि विसरलों नाहीं.

पुढें २०१६ सालीं यूपीआय ही पद्धति सुरू झाली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें, आणि रोकडीच्या टंचाईनें पुष्कळांस नव्या मार्गाकडे वळविलें. आतां भाजीच्या गाडीवरहि क्यूआर कोडची पाटी असते, आणि दहा रुपये दिले तरी त्यांची नोंद आपोआप होते. हा लाभ लहान नव्हे. जुन्या वहींत 'किरकोळ' या एका शब्दाआड कितीतरी गोष्टी लपत. बँकेच्या नोंदींत ती सोय नाहीं.

परंतु ही नोंद कोणास, केव्हां व किती एवढेंच सांगते. कशासाठीं, हें सांगत नाहीं. शिवाय तिचा मेळ सदैव बसलेलाच असल्यामुळें तें विचारण्याचा प्रसंगच घरांत येत नाहीं. गेल्या महिन्यांत खात्याचा उतारा चाळतां एका अपरिचित नांवापुढें तीनशें चाळीस रुपये दिसले. ते आम्हींच दिले होते. पण कशाबद्दल, हें कांहीं केल्या आठवेना. बँकेचा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. चुकला होता तो आमचा.

वहीकडे परत फिरावें, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र महिनाअखेर घरांतील सर्वांनीं तो उतारा एकत्र वाचावा, आणि प्रत्येक रकमेपुढें कारण सांगतां येतें कीं नाहीं, हें पाहावें. जेथें जीभ अडखळेल, तेथें थांबावें. आमच्या वडिलांनीं त्या रात्रीं याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.