अनुपस्थितांची उपस्थिती

इंग्लंडमधील सर्वांत लहान ग्रामसंस्थेला ‘पॅरिश कौन्सिल’ म्हणतात. नाव धर्मग्रामाचे असले तरी १८९४ च्या कायद्याने तिचा कारभार चर्चपासून वेगळा झाला. दफनभूमी, खेळाचे मैदान, रस्त्यावरचे दिवे अशी साधी कामे ती पाहते. २०२० साली करोनाच्या साथीत या संस्थांच्या सदस्यांना घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावरून सभेत भाग घेण्याची मुभा मिळाली. मे २०२१ मध्ये तिची मुदत संपली. सभेस हजर राहणे म्हणजे एका ठिकाणी देहाने हजर राहणे, असा १९७२ च्या कायद्याचा अर्थ उच्च न्यायालयाने लावला. शेजारच्या वेल्सने मात्र त्याच वर्षी कायदा करून ही सवलत कायम केली.

दोहोंपैकी योग्य कोण? प्रथम माझा कल न्यायालयाकडे होता. ज्याच्या दारावरून गटार न्यायचे, त्याच्या डोळ्यांदेखत हात वर करणे कठीण असते, आणि ते कठीणच असावे. पडद्यावर चेहरा बंद करता येतो.

पण ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या विधिसंहितेतील १६७ वा नियम मला स्वस्थ बसू देईना. निवडणुकीत पत्राने वा प्रतिनिधीमार्फत मत देण्यास तेथे सर्वसाधारणपणे मनाई आहे. मात्र मतदार त्याच वास्तूत असून आजारपणामुळे सभागृहात येऊ शकत नसेल, तर मतपरीक्षकांनी त्याचे लेखी मत मिळवावयाचे असते. म्हणजे उठण्याचे कष्ट आजाऱ्याने नव्हे, सभेने घ्यावयाचे!

हा न्याय आपल्या ग्रामसभेला लावला तर? खरा असमर्थ कोण आणि आळशी कोण, हे ठरवणे अवघड आहे. प्रत्येकाकडे डॉक्टरांचा दाखला मागणे तर अपमानास्पद. माझ्या मते, सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. काही जण फसवतील, ते फसवोत.

कुवेतमध्ये राबणाऱ्या मुलाचे काय, असे कोणी विचारील. त्याचे घर गावात आहे, पैसाही गावात येतो. त्याला बोलू द्यावे. पण गावच्या विहिरीचे पाणी आज तो पीत नाही, त्याची आई पिते. गुडघ्यांमुळे तिने ग्रामसभेला जाणे सोडले आहे. पडदा लावायचाच असेल तर कुवेतच्या आधी तो तिच्या खाटेपाशी न्यावा लागेल, आणि तो चालू करून द्यायला कोणीतरी तिच्याजवळ बसावे लागेल.