एकांताचें मोल

मनुष्यानें रोज कांहीं वेळ सर्व कामें बाजूस ठेवून देवापुढें निवांत बसावें, असें आपल्या मंडळ्यांत लहानपणापासून शिकविलें जातें, आणि तें अमान्य करणारा कोणी आढळत नाहीं. परंतु रात्रीं वीज येते म्हणून ज्या बंधूस अपरात्रीं शेतांत दारें धरावयास जावें लागतें, जी भगिनी कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून पाणी, सरपण व भाकरी यांच्या मागें लागते, किंवा जें कुटुंब कोयता घेऊन हंगामभर उसाच्या फडावर राहतें, त्यांनीं हा निवांतपणा कोठून आणावा? हा प्रश्न टाळून केलेला उपदेश ऐकणाऱ्याच्या डोक्यावर केवळ एक ओझें वाढवितो. यास्तव आम्ही त्याचा सरळ विचार करूं इच्छितों.

प्रथम आपल्या प्रभूकडे पाहूं. मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत कफर्णहूम येथील एका शब्बाथाचा वृत्तांत आहे. त्या दिवशीं सूर्य मावळल्यावर सारें गांव दाराशीं लोटलें व प्रभूनें पुष्कळ दुखणेकऱ्यांस बरें केलें. तरी दुसरा दिवस उजाडण्यापूर्वींच तो गांवाबाहेर निर्जन जागीं जाऊन प्रार्थना करीत होता. शिमोन व त्याचे सोबती शोधीत आले, कारण लोक त्याची वाट पाहत होते. परंतु तो त्या गर्दीकडे न परततां आसपासच्या गांवीं उपदेश करावयास निघाला. यावरून दिसतें कीं, प्रभूला एकांत फुरसतीनें मिळाला नाहीं. गर्दी दाराशीं असतांच त्यानें तो काढून घेतला. आणि पुढें कोणतें काम करावें व कोणतें सोडावें, हें गर्दीनें त्याच्यासाठीं ठरविलें नाहीं. आम्ही मात्र जो मोठ्यानें हाक मारील त्याच्यामागें धांवतों आणि त्यालाच कर्तव्य म्हणतों.

कित्येक म्हणतात, "आमचें काम हीच आमची प्रार्थना." या म्हणण्यांत सत्य आहे. पॅरिस शहरांतील कार्मेल पंथाच्या मठांत लॉरेन्स नांवाचा एक बंधु होता. तो १६९१ सालीं वारला. तो पुष्कळ वर्षें मठाच्या स्वयंपाकघरांत राबला आणि भांड्यांच्या गोंगाटांतही देवाच्या सान्निध्यांत राहण्याचा अभ्यास करीत असे. खुरपतांना किंवा मोळी वाहतांना एखादी लहानशी विनंती मनांत घोळविणें आपणांपैकीं कोणासही शक्य आहे. परंतु त्या मठांत प्रार्थनेच्या वेळाही नेमलेल्या होत्या, हें विसरूं नये. विहिरीला झराच नसेल तर पाटाला पाणी कोठून येणार? म्हणून थोडी कां होईना, पण ठरलेली वेळ असावी. दहा मिनिटें व एक स्तोत्र इतकें पुरे आहे. तेवढा वेळ मोबाईल दूर ठेवावा. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून रात्रीं वाचून घ्यावें. त्यांत दोघांचेंही कल्याण आहे.

आतां याहून नाजूक गोष्ट सांगणें आम्हांस प्राप्त आहे. एकाच्या एकांताचें मोल दुसरें कोणी तर देत नाहीं ना? घरधनी पवित्र शास्त्र उघडून बसतो, तेव्हां गाईची धार कोण काढतें? रविवारीं उपासनेहून आल्यावर तो अंगणांत विसांवा घेतो, तेव्हां चुलीपुढें कोण असतें? देवानें विसांव्याची आज्ञा एकट्या घरधन्यास दिली नाहीं. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव व दारचा परदेशी हे सर्व तींत मोजून घातले आहेत. अनुवादाच्या पांचव्या अध्यायांत तिचें कारणही दिलें आहे: इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत दास होते, याची त्यांनीं आठवण ठेवावी. ज्यांच्या वाडवडिलांनीं दुसऱ्याच्या दारीं वेठबिगार केली, त्यांस याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. वेठींतून सुटलेल्या मनुष्यानें आपल्याच घरांत दुसऱ्यास वेठीस धरावें काय? मार्थेची गोष्ट सांगून स्त्रियांस बोध करणें सोपें आहे. परंतु तसा बोध करणाऱ्यानें आधीं हंडा उचलून पाण्याच्या दोन खेपा कराव्या.

यास्तव आमची सूचना अशी कीं, प्रत्येक घरांत एकांताची पाळी असावी. पहाटे पत्नी प्रार्थनेस बसली तर पतीनें चूल पेटवावी व मूल सांभाळावें. रात्रीं तो बसला तर तिनें सांभाळावें. सून व सासू यांनींही असेंच करावें. जो दुसऱ्यास मजुरीवर लावतो, त्यानें त्याच्या रविवाराचाही विचार करावा. आणि उपदेशकांनीं घरोघर भेट देतांना, "तुम्ही प्रार्थना करितां काय?" एवढेंच विचारून थांबूं नये, "तुमच्या घरांतील सर्वांस प्रार्थनेला वेळ मिळतो काय?" हेंही विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हां सर्वांस मोकळ्या मनानें देतां यावें, अशी बुद्धि देव आम्हांस देवो.