सातवा बोल्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात माझी एक समजूत मोडली: बोल्ट जितका घट्ट, तितका चांगला.

बोल्ट खरं तर स्प्रिंगसारखा असतो. आवळला की केसभर ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. त्या ओढीनं इंजिनाचं हेड ब्लॉकवर दाबून बसतं. मधली गॅस्केट त्या दाबावरच टिकते. दाब कमी पडला तर कूलंट ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं. जास्त आवळलं तर आटे जातात, नाहीतर बोल्टच तुटतो. त्यात हाताला जाणवणारा जोर फसवा. त्यातला साधारण दहावा हिस्साच बोल्ट ताणतो, बाकीचा घर्षणात जातो. म्हणून बऱ्याच नव्या इंजिनांत आधी टॉर्क रेंचनं ठरावीक जोर लावायचा आणि मग बोल्ट मोजून ठरावीक अंश फिरवायचा. असे बोल्ट कायमचे ताणले जातात. एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत.

त्या संध्याकाळी दहा बोल्ट होते. आधी ४० न्यूटन मीटर, मग ९० अंश, मग पुन्हा ९०. शेवटच्या फेरीत फोन वाजला. बोलून परत आलो, तर सातवा फिरवला होता की नाही, आठवेना.

आता पाना लावून ते कळणार नव्हतं. झाला असेल आणि परत फिरवला, तर तुटायची भीती. राहिला असेल, तर आज ना उद्या गॅस्केट जाणार. सगळं उघडायचं, नवे बोल्ट, नवी गॅस्केट घालायची, हाच सरळ मार्ग होता. गाडीवाला बाहेर चहा पीत उभा होता. त्याला सकाळी वऱ्हाड घेऊन आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं होतं. मी मनाशी म्हणालो, ‘झालाच असेल’, आणि वरचं कव्हर बसवलं.

काहीही झालं नाही. गाडी वर्षभर धावली.

मग मी चुकलो का? १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ नावाचं कोडं मांडलं. दोघांनी सारखीच हयगय केली, पण अपघात एकाच्याच हातून झाला, तर आपण दोष त्यालाच देतो. दुसरा निव्वळ नशिबानं सुटतो. मी तो दुसरा.

पण मला खुपतं ते वेगळंच. ‘आठवत नाही’ हे खरं होतं. ‘झालाच असेल’ हे मी रचलं. धोका त्या गाडीवाल्याचा होता, आणि तो पत्करायचा निर्णय मी त्याला न विचारता घेतला.

वर्षानं मेस्त्रींना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मला कशाला सांगतोस? गाडी माझी हाय व्हय?”

गाडीवाल्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्याच दिवशी सांगायचं होतंस. मी दुसरी गाडी बघितली असती.”

सोमवारी त्यानं गाडी आणली. खर्च मी केला. काढलेला सातवा बोल्ट बाकीच्यांशेजारी धरून मोजला असता, तर कदाचित उत्तर मिळालंही असतं. मी मोजला नाही. उत्तर काहीही आलं असतं, तरी त्या संध्याकाळी ते माझ्याकडे नव्हतं.

आता एकेक बोल्ट फिरवून झाला की त्याच्या डोक्यावर लगेच पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो.