मऊ जागेवरचा टाका

सारसोळ्याच्या जेट्टीवर फाटलं जाळं सांधणारे हात पाहिले, की मला स्वादुपिंडाचे शल्यविशारद डॉ. शैलेश श्रीखंडे आठवतात. जठरामागे दडलेलं स्वादुपिंड. त्याचा कर्करोग बराच काळ गप्प असतो. कित्येकदा डोळे पिवळे झाल्यावरच कळतो. त्यावरची, १९३५ मध्ये सर्जन ॲलन व्हिपल यांनी मांडलेली शस्त्रक्रिया आजही अवघडच. गाठ काढल्यावर उरलेल्या, लोण्यासारख्या मऊ स्वादुपिंडाला आतडं जोडायचं. टाका सुटला, तर पाचकरस पोटात झिरपतो. जर्मनीत हायडलबर्गला शिकून आलेल्या श्रीखंडे यांनी परळच्या टाटा रुग्णालयात वर्षानुवर्षं या शस्त्रक्रिया केल्या, त्यांच्या परिणामांचे अभ्यास जगापुढे मांडले. मला अप्रूप आहे ते अशा अभ्यासांमागच्या नोंदींचं. गळती झालेला रुग्णही तिथे लिहून ठेवलेला असतो.