बोलेल, बोलेल म्हणत किती थांबणार?

पोरगं चार वर्षांचं झालं आणि तुमचं अजून तेच. "मुलगे उशिराच बोलतात." "ह्याचे बाबाही पाचव्या वर्षी बोलले." "शाळेत रुळला की सुटेल जीभ." हे कोणाला समजावताय? मला, की स्वतःला?

अंगात ताप भरला तर रात्री बाराला डॉक्टरांचं दार ठोठावता. मग दोन वर्षं धड शब्द फुटत नाही, तेव्हा हातावर हात ठेवून बसवतं कसं?

दिसत नाही म्हणू नका. सगळं दिसतं तुम्हाला. "बाबांची चप्पल आण" म्हटलं की तो बरोबर आणतो. पण 'केळं' म्हणायला सांगा. एकदा 'तेये', एकदा 'पेळ', तिसऱ्यांदा नुसता 'ए'. ओठ चाचपडतात, जीभ जागा शोधत राहते. खेळाच्या नादात 'पाणी' स्वच्छ म्हणून जातो. मुद्दाम म्हणायला लावलं की जमत नाही. एवढं पाहून काय ठरवलंत? "नाटकं करतो!" लेकराबद्दल असं बोलवतं?

बोबडं मूल सहसा ठरावीक चूक करतं. 'र'चा 'ल' होतो, दर वेळी 'ल'च होतो. ह्याची चूक दर खेपेला बदलते. स्वरही चुकतात. शब्द लांबला की घोळ वाढतो. अक्षरं तुटक येतात, हेल बिघडतो. ही लक्षणं वाचेच्या अप्रॅक्सियाची असू शकतात. त्यात ओठ-जीभ लुळी नसतात. कोणती हालचाल कधी, कशी करायची, याची आखणी मेंदूत नीट होत नाही. यात हट्ट कुठे आला? आळस कुठे आला?

आणि तुम्ही काय केलंत? वेखंड चाटवलं. शिट्ट्या वाजवायला लावल्या. जिभेत ताकद आहे, मग तिला व्यायाम कसला? "आधी पाणी म्हण, मग देते" म्हणून तहानलेल्या पोराला रडवलंत. जे त्याच्या हातात नाही, त्याची शिक्षा त्याला?

आता नीट ऐका. आधी कान तपासा. मग स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयात विभाग आहे. निदान तिथले तज्ज्ञ करतील. मी नाही, शेजारीण नाही आणि तुमचा मोबाईल तर नाहीच. तिसऱ्या वर्षाच्या आत पक्कं सांगणं अवघड असतं, हे खरं. पण तुमचा चार वर्षांचा आहे. तीही सबब संपली.

निदान झालं म्हणजे सुटलात असं नाही. आठवड्यातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, समोरासमोर बसून तेच शब्द पुन्हा पुन्हा घोटावे लागतात. घरीही रोज. महिन्यातून एकदा तोंड दाखवून "फरक पडत नाही" म्हणायला येऊ नका. तोवर त्याला खुणा करू द्या, चित्रं दाखवू द्या. त्याने बोलणं मागे पडत नाही. उलट आधार मिळतो.

तुम्ही शिकलेले आहात, पोटच्या पोराला ओळखता. म्हणूनच राग येतो. अडाणीपणा समजू शकते मी. जाणूनबुजून केलेला कानाडोळा नाही. त्याला सगळं समजतं. आपलं कोणाला कळत नाही, हेही समजतं.

उद्या सकाळी तपासणीची वेळ घ्या. पुढची सबब मी ऐकणार नाही.