नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

आपल्या मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर आहे ते एका मात्रेचे. पहिले बारशाला करायचे, दुसरे वर्षभर. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी: ज्याला नाव ठेवायचे त्याची आपल्याला ओळख आहे की नाही, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. मला हा विचार सुचला तो माणसांवरून नव्हे, माशांवरून.

काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळणाऱ्यांकडे काचेला तोंड लावून बसलेला एक काळपट मासा हमखास असतो. दुकानदार त्याला 'सकर' म्हणतो, म्हणून आपणही म्हणतो. आपल्या शिंगाळ्याचा हा दक्षिण अमेरिकेतला दूरचा भाऊबंद; अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत. या एका कुळात सुमारे हजार जाती आहेत. नामकरणशास्त्राचा आद्य आचार्य लिनियस. त्यानेही १७५८ साली यांतल्या एका माशाला चक्क स्टर्जन माशाच्या पंगतीत बसवले. चिलखत दोघांनाही असते. तेवढ्यावरूनच घोटाळा झाला असावा!

पुढे व्यापारी तिकडच्या नद्यांतून इतके नवे मासे आणू लागले की शास्त्रज्ञांना बारशी उरकेनात. रीतसर नाव द्यायचे तर परांचे काटे मोजा, दात मोजा, जवळच्या जातींशी ताडून पाहा, एक नमुना संग्रहालयात कायमचा जपा आणि मग वर्णन छापा. तेव्हा १९८८ साली 'दात्स' या जर्मन मासिकाने साधी युक्ती काढली. नाव ठाऊक नाही ना? मग छायाचित्र छापा आणि क्रमांक द्या. एल-१, एल-२, एल-३…

माणसाला क्रमांक देणे हा त्याचा अपमान, आणि ते खरेच आहे. पण या क्रमांकात मला नम्रता दिसते. तो म्हणतो, 'तुला पाहिले आहे. ओळख अजून व्हायची आहे.' ब्राझीलमधल्या शिंगू नदीतल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या एका माशाला तर दोन क्रमांक मिळाले, ४६ आणि ९८. पुढे दोन्ही एकच ठरले. कोणाचे काही बिघडले नाही.

तरीही वाट पाहण्याला किंमत पडतेच. त्या पट्टेदार माशाला १९९१ साली 'हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा' हे नाव मिळाले. तो राहतो फक्त शिंगूच्या एका मोठ्या वळणाच्या परिसरात. आणि बेलो मोन्टेच्या धरणाने २०१६ पासून त्याच वळणाचे बरेचसे पाणी दुसरीकडे वळवले आहे. नावामुळे त्याच्यामागे चोरटे व्यापारी लागले म्हणावे, तर २०२२ साली त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले तेही नावानिशीच. यादीत नाव घालायला आधी नाव तर हवे! त्याच नदीतला एल-१७४ मात्र वर्षानुवर्षे क्रमांकावरच थांबला होता. २०२५ साली त्याचे बारसे झाले, आणि नाव ठेवले ते त्या काठी राहणाऱ्या युजा लोकांचे. नदी काही आपल्या सवडीसाठी थांबत नाही.

मग घाई हा अन्याय आणि दिरंगाईही अन्याय. करावे तरी काय? घरात नवी सून येते आणि पहिल्या दिवाळीलाच कोणी तिला 'शिष्ट' म्हणून मोकळे होते. बोलत नाही एवढेच दिसलेले असते. चिलखत पाहून स्टर्जन म्हणण्यातलाच हा प्रकार. उलट 'असेल कशीही' म्हणून तिच्याकडे पाहायचेच नाही, हीदेखील हेळसांडच. मला वाटते, मनात आधी 'ओळख व्हायची आहे' एवढेच लिहावे. आणि मग तिच्याशेजारी बसून तिला बोलते करावे. शिंगूकाठच्या शास्त्रज्ञांनी तेच केले. फराळाचे ताट पुढ्यात आहे, माणसे जमली आहेत. नावे ठेवायला वर्ष पडलेच आहे.