दाराआडचा पेसाख

2020 साली चैत्र पौर्णिमा 8 एप्रिलला, बुधवारी आली. करोनाच्या टाळेबंदीला पंधरा दिवस झाले होते. हनुमान जयंती असून मारुतीच्या देवळांना कुलपं होती. शब-ए-बारात त्याच सुमारास होती, पण कबरस्तानात जाता येत नव्हतं. दोन दिवसांवर आलेल्या गुड फ्रायडेला चर्चं उघडणार नव्हती. त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी पुण्यातल्या ज्यू घरांत पेसाख लागला. मराठी बायबल वाचणारे त्याला वल्हांडण म्हणतात. हिब्रू पंचांग आपल्यासारखंच चंद्राला धरून चालतं आणि अधिक महिना घालून ऋतूंशी मेळ राखतं, म्हणून त्यातल्या निसान महिन्याची पौर्णिमा आणि चैत्री पौर्णिमा पुष्कळदा हातात हात घालून येतात.

पुण्यात सिनेगॉग दोन. कॅम्पातलं ओहेल डेव्हिड म्हणजे पुणेकरांचं लाल देऊळ. ते बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1867 मध्ये पुरं झालं. त्यांची समाधीही त्याच आवारात आहे. दुसरं रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो, 1921 सालचं, बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं. दोन्ही बंद होती. डेव्हिड ससून यांच्याच देणगीतून उभं राहिलेलं ससून रुग्णालय मात्र त्या आठवड्यात शहरातल्या करोना रुग्णांनी भरत चाललं होतं. पुणेकर रोज ‘ससून’ म्हणतो तेव्हा त्याला इमारत दिसते. हे एका ज्यू माणसाचं आडनाव आहे हे किती जणांच्या लक्षात असतं, देव जाणे.

त्या वर्षी जगभर टाळेबंदीची पहिल्या पेसाखाशी तुलना लोकांच्या तोंडी बसली. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात मोशे सांगतो, चौकटीला कोकराचं रक्त लावा आणि सकाळपर्यंत कोणी दाराबाहेर पडू नका. बाहेर मृत्यू फिरतो आहे, आत कुटुंब जेवतं आहे. साथीच्या दिवसांत हे चपखल वाटलं यात नवल नाही. मला मात्र ती तुलना अर्धवट वाटते. त्याच अध्यायात थोडं आधी असंही सांगितलं आहे, की घर लहान असेल आणि कोकरू संपणार नसेल, तर शेजाऱ्याला सोबत घ्या. दार बंद करायचं, पण आत दोन घरं एकत्र बसवून. आपल्या टाळेबंदीत नेमकी हीच गोष्ट करता येत नव्हती.

तरीही एक गोष्ट खरी. पेसाख घरात करावा लागला म्हणून त्यात काही उणं आलं, असं म्हणता येत नाही. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तोवर हा यात्रेचा सण होता. दूरदूरचे लोक तिथे जायचे आणि कोकराचा बळी तिथेच दिला जायचा. इ. स. 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि जमण्याची जागाच गेली. मग पंडितांनी जेवणाचं ताटच वेदी केलं. द्राक्षरसाचे चार पेले, कडू भाजी, बेखमीर भाकर, मिठाचं पाणी आणि गुलामीतून सुटल्याची गोष्ट, या क्रमाला सेदेर म्हणतात. म्हणजे आजचा सेदेर हाच एका न जमलेल्या मेळाव्याची भरपाई आहे. ती भरपाई इतकी उत्तम झाली, की मूळ मेळावा कसा होता हे कोणाला फारसं आठवेनासं झालं.

कोकणातल्या बेने इस्रायलींची गोष्ट याहून निराळी. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा. पुढची कित्येक शतकं हे लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून शनवार तेली. सिनेगॉग नाही, हिब्रू ग्रंथ नाहीत, रब्बी नाही. पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत बांधलं ते 1796 मध्ये. त्याआधी धर्म राहिला तो उंबरठ्याच्या आत. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते दारफळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची आणि उपास करायचा. पेसाखाच्या सणाला जुनं नाव होतं अनशी ढाकाचा सण. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात ते नोंदवलं आहे. आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. मिसरचा राजा, लाल समुद्र, सगळं पुसट झालं असेल. आंबवलेलं शिवायचं नाही एवढं स्वयंपाकघराने लक्षात ठेवलं. सणाआधी घराला चुना, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई. काही घरांत बकऱ्याच्या रक्तात बुडवलेल्या हाताचा ठसा कागदावर उठवून तो दाराशी लावायची चाल होती. ही चौकटीची आठवण वेगळं समजावून सांगावी लागत नाही.

मग ग्रंथही आले, आणि मराठीतून आले. 1874 मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक हगादा छापला गेला. हगादा म्हणजे सेदेरच्या रात्री वाचायची पोथी. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. करणारे मोशे जेकब तळकर आणि एरन डेव्हिड तळकर. त्यातल्या चित्रांत मात्सा, म्हणजे ती बेखमीर भाकर, करणाऱ्या बायका आहेत, साड्या नेसलेल्या, खाली बसून काम करणाऱ्या. मात्साच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत ती भाजून निघावी लागते, नाहीतर पीठ आंबलं असं धरतात. म्हणजे एकीने मळायचं, दुसरीने लाटायचं, तिसरीने तव्याशी बसायचं. एकट्या बाईचं ते काम नाही. त्या चित्रांतली गर्दी म्हणूनच शोभेची वाटत नाही.

आणि 2020 मध्ये कमी पडली ती हीच माणसं. पुण्यातल्या अनेक ज्यू घरांतली मुलं आधीच इस्रायलला गेलेली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीसेक हजार बेने इस्रायली होते. आता सगळे ज्यू मिळून जेमतेम साडेचार-पाच हजार. सेदेरमध्ये घरातलं सर्वांत धाकटं मूल विचारतं, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मूल नसेल तर? तालमूदकारांनी त्याचीही सोय लावून ठेवली आहे. मुलगा नसला तर बायकोने विचारावं. तीही नसली तर माणसाने स्वतःच स्वतःला विचारावं. दोघे पंडित असले, सगळं पाठ असलं, तरी एकमेकांना विचारावं. रिकाम्या घराची इतकी रोखठोक दखल घेणारा नियम मला दुसरीकडे आढळलेला नाही.

दूरच्या मुलांना सेदेरला फोनवरून जोडून घ्यावं का, हा प्रश्न होताच. सण लागला की सनातनी घरात पडदा चालू करायचा नाही. इस्रायलमध्ये काही सेफार्दी रब्बींनी एकट्या वृद्धांसाठी व्हिडिओवरच्या सेदेरला मुभा दिली आणि तिथल्या मुख्य रब्बींनी तिला विरोध केला. पुण्याला मात्र घड्याळाचा आधार होता. एप्रिलमध्ये इस्रायल आपल्यामागे अडीच तास. इथे पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळायला येतो तेव्हा तिथे सव्वाचार झालेले असतात. म्हणजे दिवे लावण्याआधी रास्ता पेठेतल्या आजीला अश्दोदच्या नातवाशी नियम न मोडता बोलता येतं, फक्त संध्याकाळ व्हायच्या आत उरकायला हवं. त्या वर्षी तिकडेही सेदेरच्या रात्री संचारबंदी होती. नातूही आपल्या घरात अडकलेला.

इथवर घराचं कौतुक चाललं. पण घराला एक गोष्ट जमत नाही. आई किंवा बाप गेल्यावर मुलाने अकरा महिने कद्दीश ही प्रार्थना म्हणायची असते आणि कद्दीश म्हणायला दहा प्रौढ पुरुष एका जागी लागतात, त्याला मिनियान म्हणतात. सेदेर एकट्याने होतो, कद्दीश होत नाही. त्या वसंतात ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांना सेदेरसाठी मात्सा मिळाली, मनुकांचं सरबत मिळालं, खजुराचा गोड लगदाही मिळाला. दहा माणसं मिळाली नाहीत. अमेरिकेतल्या काही पंथांनी पडद्यावरचे दहा मोजून घेतले. सनातनी परंपरेने मानले नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. दुःखात सोबत म्हणजे कोणीतरी घरातून उठून, चपला घालून आलेलं असणं.

अडचण अशी, की पुण्यात टाळेबंदी उठल्यानेही हा प्रश्न पुरता सुटला नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते योग्यच झालं. पण दर्जा दहावा माणूस आणून देत नाही. छोट्या समाजात एक जण आजारी, एक मुलाकडे इस्रायलला, एक कामावर, की नऊवर गाडी अडते. तेव्हा कोणीतरी कॅम्पातून रास्ता पेठेत फोन लावतो किंवा रास्ता पेठेतून कॅम्पात, आणि रिक्षा करून एक जण येतो.